मागच्या सीटवरची उच्चारतज्ज्ञ

आमच्या घरात उच्चार फक्त माझेच बरोबर आहेत, असं मला वयाच्या सोळाव्या वर्षी वाटू लागलं आणि ते खूळ पाचएक महिने टिकलं. पाच महिने म्हणजे काही फार नव्हेत. पण तेवढ्या मुदतीत मी दोन बायकांची मैत्री जवळजवळ मोडली, आणि आपल्याला काही जमत नाही असं माझ्या आईला पटवून दिलं. हे प्रकरण लिहायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली. माझी मुलगी म्हणते, "आई, इट्स सच अ स्मॉल थिंग, यू वर अ किड!" तिला ते लहान वाटतं, कारण तिला मी अर्धीच हकिकत सांगितली आहे. अर्धीच हकिकत सांगायची माझी सवय त्याच वर्षातली. आता साठी ओलांडली, तेव्हा उरलेली अर्धीही लिहून टाकते.

अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये आमचं टाउनहाउस पसेओ पाड्रे नावाच्या लांबलचक रस्त्याच्या मागच्या गल्लीत होतं, एकमेकांना चिकटून बांधलेल्या आठ घरांतलं पाचवं. भिंती इतक्या पातळ, की शेजारच्या घरात रेडिओवर जाहिरात लागली की आमच्या स्वयंपाकघरात कळायचं कुठल्या दुकानात सेल आहे. आमच्याकडून त्या बाजूला काय जात असेल, तर धुराच्या अलार्मची किंकाळी. तो जिन्यात, स्वयंपाकघराच्या अगदी तोंडाशी बसवलेला होता, आणि फोडणीत मिरची पडली रे पडली की बोंबलायला लागायचा. आईने मग मोहरी तडतडण्याआधीच "मृणाल, टॉवेल!" अशी हाक मारायची सवय लावून घेतली. मी स्टुलावर चढून अलार्मला टॉवेलने वारा घालायचे आणि खाली आई कढईत डाळ ओतायची. आमच्या घरातलं वरण अशा प्रकारे दोघींनी मिळून व्हायचं.

बाबा सकाळी साडेसहाला देशमुखकाकांच्या गाडीतून ऑफिसला जात. त्यामुळे आमची गाडी दिवसभर गॅरेजमध्ये आणि आई दिवसभर घरात. हीच आई सांगलीला प्राथमिक शाळेत शिकवायची आणि डबा पुढच्या जाळीत टाकून लुनावरून शाळेत जायची. बाजार, बँक, माहेर, सगळं तिचं तिच्या हातात होतं. इथे तिला कोथिंबिरीची एक जुडी हवी असली तरी शनिवारपर्यंत थांबावं लागे. इंग्रजी वाचलेलं तिला सगळं कळायचं, लिहायची तर माझ्यापेक्षा चांगलं. पण समोर कोणी भराभर बोलू लागलं की ती माझ्याकडे बघायची. डॉक्टर, बँक, दारावर आलेला माणूस, सगळ्यांशी तिच्या वतीने मी बोलायचे. त्याचा मला कंटाळा यायचा असं मी मैत्रिणींना सांगत असे. खरं म्हणजे मला ते फार आवडायचं. मी बोलेन तोच आईच्या बोलण्याचा अर्थ, असा थाट सोळाव्या वर्षी कोणाच्या वाट्याला येतो?

बाबांनी तिला गाडी शिकवायचा प्रयत्न एका रविवारी केला. दहा मिनिटांनी आई एकटी चालत घरी आली आणि अर्ध्या तासाने बाबा गाडी घेऊन आले. त्या दिवशी जेवताना कोणी कोणाला "वाढू का?" असंही विचारलं नाही. शिकाऊ परवाना मात्र आईने लेखी परीक्षा देऊन आधीच मिळवला होता, आणि तो तिने पर्समध्ये अगदी वरच्या कप्प्यात ठेवला होता.

आता माझ्या पांडित्याची कुळकथा. नवीन आलो तेव्हा गावांच्या नावांनी आमची पार भंबेरी उडवली होती. आजूबाजूला सगळी स्पॅनिश नावं, आणि आम्ही ती इंग्रजी अक्षरं लावून वाचायचो. बाबांनी भारतातल्या काकांना पहिल्या पत्रात सॅन होजेचं 'सॅन जोस' करून "आम्ही सॅन जोसजवळ राहतो" असं मराठीत, वळणदार अक्षरात कळवलं होतं. घरात ते खपून गेलं. पण मी वर्गात धडा मोठ्याने वाचताना 'व्हलेहो'ला 'व्हॅलेजो' म्हटलं, तेव्हा मागच्या बाकांपासून हशा सुरू झाला आणि तो पुढच्या बाकापर्यंत आला. मला रडू आलं नाही, राग आला. पुढच्याच वर्षी मी स्पॅनिश हा विषय घेतला, तो केवळ सूड म्हणून.

आणि काय सांगू, स्पॅनिश माझ्या तोंडात साखरेसारखी विरघळली. अमेरिकन मुलांना जो 'त' आणि 'द' काही केल्या जमत नव्हता, तो मला आईच्या पोटातूनच आलेला. आमच्या बाई मिसेस लिंडक्विस्ट, मूळच्या मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या, सोनेरी केसांच्या, एक वर्ष माद्रिदला राहून आलेल्या. त्या म्हणाल्या, "क्लास, लिसन टु मिना." मिना म्हणजे मीच. मृणाल कोणाला म्हणता येत नाही म्हणून पहिल्याच दिवशी मी आपण होऊन सगळ्यांना सांगितलं होतं, "जस्ट कॉल मी मिना." जगातली सगळी नावं शुद्ध म्हणायला निघालेल्या मुलीने स्वतःचं नाव आधीच मोडीत काढलं होतं, आणि यात काही विसंगती आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

झालं, मग माझ्या अंगातच आलं. फ्रीवेवरून जाताना मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचू लागले. सान लेआंद्रो. सान लोरेन्सो. लोस गातोस. मिसेस लिंडक्विस्ट माद्रिदहून जिभेचं एक खास वळण घेऊन आल्या होत्या, ते उचलून मी 'ग्रासियास'चं, म्हणजे थँक्यूचं, 'ग्राथियास'ही करून टाकलं. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, देशमुखकाका सहज म्हणाले, "अरे, मिल्पीटसला टू-बेडरूम एकदम चीप मिळतंय यार," तर मी पुरणपोळीचा घास तोंडात असतानाच म्हटलं, "काका, मिल्पितास." काका बिचारे म्हणाले, "हां हां, तेच." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं वाक्य पुरणासकट गिळलं. पण ते तेवढ्यापुरतंच.

त्या दिवसांत आमच्या शेजारच्या बाई आईला गाडी शिकवू लागल्या. कॉनी ओलिवारेस त्यांचं नाव. वय पासष्टच्या आसपास, नवरा गेलेला, सगळी हयात फळांचे डबे भरायच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेल्या. आईची आणि त्यांची ओळख अलार्ममुळेच झाली. आग लागली समजून त्या एकदा ओली चादर घेऊन आमच्या दारात आल्या, आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन परत गेल्या. ती चटणी त्या अंड्यांवर घालून खात. आई त्यांना कॉनीताई म्हणायची, त्या आईला ऊशा. ताई म्हणजे मोठी बहीण, हे मी सांगितल्यावर त्या इतक्या खूश झाल्या, की टपालवाल्यालाही त्यांनी ते ऐकवलं. आई घरात बसून असते हे त्यांनी भिंतीपलीकडूनच ओळखलं असावं. एका मंगळवारी त्या आपल्या तपकिरी, बोटीएवढ्या स्टेशन वॅगनची किल्ली घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, चपला घाल. वुई आर गोइंग."

मंगळवार आणि गुरुवार, माझी शाळा सुटल्यावर चार वाजता. आई स्टिअरिंगवर, कॉनीताई शेजारी, आणि मागे मी, दुभाषी म्हणून. पहिले आठ दिवस चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, मग पसेओ पाड्रेवर. आई प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवायची, सांगलीला वाजवत असे तसा, 'मी येतेय बरं का' एवढं सांगण्यापुरता. कॉनीताई पोट धरून हसल्या. "हनी, इथे लोकांना वाटतं तू त्यांना शिव्या देतेयस!" मी भाषांतर केलं, तर आई म्हणाली, "अगं बाई! मग मी आत्तापर्यंत अख्ख्या गावाला शिव्या घातल्या की!" आणि दोघी परत हसायला लागल्या. आईला मी या देशात इतकं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. रोज जेवण झाल्यावर ती नियमांची पुस्तिका उघडून बसायची आणि समासात मराठीत टिपणं काढायची. तिला पोस्टात एकटीने जायचं होतं, आणि ते झालं की जवळच्या एका पाळणाघरात नोकरी विचारायची होती. बाबांना तिने त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं, मलाच काय ते सांगितलं होतं.

आणि अशा गाडीत मागे बसून मी काय करत होते, तर कॉनीताईंचे उच्चार दुरुस्त करत होते. त्या म्हणायच्या, "अल्व्हराडोला लेफ्ट." मी आईला सांगायचे, "आल्वारादोला डावीकडे." त्या म्हणायच्या, "पसेओ पाड्रे." मी म्हणायचे, "पासेओ पाद्रे." पहिल्यांदा त्या हसल्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आरशातून नुसतं माझ्याकडे बघितलं. आई म्हणायची, "मृणाल, त्या सांगतात तेवढंच सांग गं." पण मला वाटायचं, या बाईचं आडनाव ओलिवारेस, हिची आई स्पॅनिश बोलत असणार, आणि ही नावं असली गोऱ्यांसारखी म्हणते म्हणजे काय! मला त्यांची खरोखर लाज वाटायची. सोळा वर्षांची मी, त्यांच्या वतीने लाजत होते.

एका गुरुवारी आई फारच छान चालवत होती. तीन लेन बदलल्या, सिग्नलला अलगद थांबली. कॉनीताई खुशीत येऊन म्हणाल्या, "ऊशाला सांग, लायसन्स मिळालं की आम्ही दोघी माझ्या बहिणीकडे जाणार. लॉस बॅनसला. ती चालवेल, मी झोपेन." आईला सांगायचं सोडून मी म्हटलं, "लोस बान्योस. त्या एनवर खूण असते. निदान तुम्ही तरी नीट म्हणायला हवं. आमच्या टीचर म्हणतात, आपल्याच भाषेची नावं मोडून बोलणारे लोक पाहिले की त्यांना वाईट वाटतं." मिसेस लिंडक्विस्ट असं कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते वाक्य माझं होतं, जोर यावा म्हणून त्यांच्या नावावर खपवलेलं.

कॉनीताई मागे न वळता, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मिहा," त्या मला मिहा म्हणत, म्हणजे बाळ, "माझा जन्म तिथला आहे. शाळेत पहिल्या दिवशी टीचरने विचारलं, तू कुठली? मी सांगितलं, अगदी तू म्हणतेस तस्संच. तिने मला उन्हात उभं केलं. अमेरिकन लोकांसारखं म्हणता येईल तेव्हा आत ये, म्हणाली. मी सहा वर्षांची होते. दुपारपर्यंत मला यायला लागलं." मग म्हणाल्या, "त्यानंतर साठ वर्षं मी तसंच म्हणतेय. माझी आई तिथेच पुरलीय. आता तेच माझ्या गावाचं नाव आहे. तू ते पाटीवर वाचलंयस." आणि वर, "तुला शाळेत काय म्हणतात गं? मिना ना? घरात तर मी दुसरंच काहीतरी ऐकते." त्या आईकडे वळून म्हणाल्या, "होम, ऊशा. लेट्स गो होम."

'होम' आईला कळलं. आवाज बदललाय तेही कळलं. गाडी घराशी लावून, कॉनीताई आत गेल्यावर, तिने मला विचारलं, "काय झालं? काय म्हणाल्या त्या?" खरं सांगायला तीन वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "त्या म्हणाल्या, आज पुरे. तुझा ब्रेक फार उशिरा लागतो. त्यांना भीती वाटते."

आईचा चेहरा एकदम लहान झाला. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मलाही वाटत होतंच." काहीच वाटत नव्हतं तिला, पाच मिनिटांपूर्वी ती तीन लेन बदलून आली होती! सोमवारी ती मला म्हणाली, "कॉनीताईंना सांगून ये, फार उपकार झाले, पण आता नको. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला कशाला घोर लावायचा." मी शेजारी जाऊन सांगितलं, "माय मदर इज बिझी धिस मंथ." कॉनीताईंनी विचारलं, "माझ्यावर रागावलीय का? मी तिच्यादेखत तुला बोलले म्हणून?" मी नुसते खांदे उडवले. दोन्ही बाजूंचं टपाल माझ्याच हातात होतं, आणि मी दोन्हीकडची पत्रं बदलत होते.

तीन आठवडे गेले. दोघी टपालाच्या पेट्यांपाशी भेटल्या तर 'हॅलो' म्हणून दोन दिशांना जायच्या. भिंतीपलीकडचा रेडिओ बारीक झाला. मला वाटलं, निभावलं. मग एका संध्याकाळी रद्दीचा गठ्ठा बाहेर ठेवायला उचलला, तर त्यात आईची ती नियमांची पुस्तिका होती. मी उघडली. प्रत्येक पानाच्या समासात तिचं ते फळ्यावरचं, काना-मात्रा जागच्या जागी असलेलं अक्षर. 'चौकात आधी आला त्याला आधी जाऊ द्यावे.' 'शाळेच्या बसमागे थांबणे सक्तीचे.' आणि शेवटच्या पानावर, कंसात, स्वतःसाठी: 'घाबरू नये. मुलांना शिकवतो तसे स्वतःला शिकवावे.'

मी ती पुस्तिका घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई कढईत तेल टाकत होती. मी तिथेच, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. लोस बान्योस, उन्हात उभी केलेली सहा वर्षांची मुलगी, ब्रेक, बिझी धिस मंथ, सगळं. तेल तापून अलार्म बोंबलू लागला, पण स्टुलावर कोणी चढलं नाही. आईने गॅस बंद केला. एकच प्रश्न विचारला, "म्हणजे माझ्या चालवण्याबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या?"

"नाही."

मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला इथे बोलता येत नाही, म्हणून मी तुला पुढे करत होते. माझं तोंड होतीस तू. आणि तू मलाच माझ्याबद्दल खोटं सांगितलंस." तिचा आवाज चढलाही नाही. तिने हात पुसले, पायात चपला अडकवल्या आणि दाराकडे निघाली. मी सवयीने मागे गेले, तर म्हणाली, "तू नाही." ती शेजारी दीड तास होती. मोडकं इंग्रजी आणि हातवारे, एवढ्या भांडवलावर तिने तिथे काय काय सांगितलं, मला आजतागायत माहीत नाही. भिंतीला कान लावून ऐकायचा मी प्रयत्न केला, हे कबूल करायला हवं. रेडिओ मोठा केलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. कॉनीताई मटार सोलत होत्या. त्यांनी निम्मे माझ्यापुढे सरकवले आणि माझं रडूनबिडून झाल्यावर म्हणाल्या, "से इट." मी म्हटलं, "लॉस बॅनस." त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "नॉट बॅड," म्हणाल्या, "पण तुझा ॲक्सेंट आहे." मग मला विचारून, चारपाच वेळा घोळवून, त्यांनी 'मृणाल' म्हणायचा प्रयत्न केला. जे काही बाहेर आलं ते माझं नाव नव्हतं. मी मान डोलावून छान म्हटलं.

आता माझ्या गाडीत फोनमधली बाई रस्ते सांगते. ती पसेओ पाड्रेची रोज जी काही चटणी करते, ती ऐकून माझी जीभ अजूनही वळवळते. सवय म्हणतात ती अशी. नातू शेजारी असला की मी तिला दुरुस्त न करता समोरच्या रस्त्याकडे बघते.

त्या माफीनंतर मागची सीट मात्र माझ्याकडून काढून घेण्यात आली. मंगळवारी, गुरुवारी दोघीच जायच्या. कुठल्या भाषेत शिकवणी चालायची देव जाणे, पण महिन्याभरात आई फ्रीवेवर गेली. परीक्षेच्या दिवशी कॉनीताईंनी गाडी दिली, शेजारी बसून आल्या, आणि आईने मला "यायचं तर ये" म्हटलं, म्हणून मीही मागे बसले. तोंड शिवल्यासारखी. परीक्षक आईला घेऊन गेला, वीस मिनिटांनी घेऊन आला. कॉनीताई बाहेर गाडीपाशी थांबल्या आणि आम्ही दोघी आत, परवाना ऑफिसच्या काउंटरवर गेलो. काउंटरवरच्या बाईंनी हातातला कागद बघितला, आईची साडी आणि तिच्यावरचा स्वेटर बघितला, आणि नेहमी सगळे करायचे तसंच केलं. माझ्याकडे वळल्या. "टेल युवर मॉम..."

माझं तोंड आपोआप उघडलं. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"टेल मी, प्लीज," ती म्हणाली. "स्लोली."

त्या बाईंनी हळूहळू सांगितलं. आईने ऐकलं. एक वाक्य कळलं नाही, तर स्वतःच म्हणाली, "अगेन, प्लीज." त्यांनी पुन्हा सांगितलं. पास झाली होती. कुठे सही करायची, फोटो कुठे काढायचा, सगळं तिने विचारून घेतलं. दोनदा चुकीचा शब्द वापरला, आणि काही बिघडलं नाही. मी बाजूला उभी होते. माझं तिथे काही काम नव्हतं. शेवटी कागदांवर शिक्के मारता मारता त्या बाईंनी माझ्याकडे मान उडवून आईलाच विचारलं, "अँड हू इज शी?"

आईने पर्सची चेन लावली.

"माय डॉटर," ती म्हणाली. "आय ब्रॉट हर."